फीडची चाळणी कुणाच्या हातात?

बंद पडलेल्या लक्ष्मी-विष्णू मिलचा एक जुना फोटो सोलापूरच्या एका फेसबुक ग्रुपवर आला होता. खाली शंभराहून जास्त कमेंट. वर दिसत होते हात जोडल्याचे इमोजी, ‘जुनं ते सोनं’ आणि मिल कुणामुळे बंद पडली यावरून दोघांची जुंपलेली हमरीतुमरी. ‘सर्व कमेंट’ हा पर्याय निवडून खाली गेलो, तेव्हा एका निवृत्त कामगाराच्या चार ओळी सापडल्या. “पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी आई उठून भाकरी थापायची. रिंग खात्यात कापूस नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधायचो. आमच्या खात्यातलं कुणी हाय का इथं?” त्याला एकही लाइक नव्हता.

अख्ख्या पानावर वाचण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेच तळाला गेलं होतं.

ढीगभर मजकुरातून वाचण्यासारखं वेगळं काढणाऱ्या चाळणीची गरज सोशल मीडियाच्या कितीतरी आधीची. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांतून ‘यूझनेट’ हे संगणकांवरचं चर्चेचं जाळं सुरू झालं. तिथं विषयवार चर्चा चालायच्या आणि बघता बघता त्या वाचून होईनाशा झाल्या. 1984 मध्ये लॅरी वॉल यांनी ‘आरएन’ हा वाचक-प्रोग्रॅम लिहिला. त्यात ‘किल फाइल’ होती : नको असलेली नावं आणि विषय तुम्हीच लिहून ठेवायचे, ते समोर येत नसत. चाळणी वाचकाच्या हातात होती, पण तिनं फक्त कोंडा वेगळा व्हायचा. चांगलं काय, ते ती सांगू शकत नव्हती.

ते उत्तर 1992 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रानं शोधलं. त्यांच्या ‘टॅपेस्ट्री’ या ईमेल-प्रणालीमध्ये ‘अमक्यानं ज्याला उत्तर दिलं, तेच मला दाखव’ असं सांगता यायचं. मला ही कल्पना आजही सगळ्यांत शहाणी वाटते. चौकातल्या कट्ट्यावर आपण हेच करतो. दहा टोळकी बोलत असतात, पण ज्याच्या बोलण्याला वजन आहे तो माणूस जिथं थांबून बोलतोय, तिथं आपली पावलं वळतात. दोन वर्षांनी, 1994 मध्ये, ‘ग्रुपलेन्स’ या संशोधन प्रकल्पानं यूझनेटवरच्या मजकुराला वाचकांकडून एक ते पाच गुण घेतले आणि ज्यांची आवड तुमच्याशी जुळते, त्यांच्या गुणांवरून तुमच्यासाठी अंदाज बांधला.

इथून पुढं चाळणी हळूहळू कंपन्यांकडे सरकली. सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकची न्यूज फीड, म्हणजे ओळखीच्यांच्या पोस्ट एकाखाली एक दाखवणारं पान, आली, 2009 मध्ये लाइकचं बटण. फेब्रुवारी 2016 मध्ये ट्विटरनंही वेळेच्या क्रमाऐवजी निवडक ट्विट वर दाखवायला सुरुवात केली. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की यापुढं माणसामाणसांतल्या अर्थपूर्ण संवादाला प्राधान्य मिळेल. हेतू चांगला होता, पण माप चुकलं. यंत्राला अर्थ मोजता येत नाही, कमेंटची संख्या मोजता येते, आणि कमेंट सगळ्यांत जास्त पडतात त्या भांडणावर. रागाच्या इमोजीला एका काळी लाइकच्या पाचपट वजन होतं, हे 2021 मध्ये बाहेर आलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर असं यंत्रही नाही. तिथं चाळणी म्हणजे पुढं पाठवणाऱ्याचा अंगठा. त्याची किंमत सोलापूर जिल्ह्यानं मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भटक्या माणसांना ठार मारलं. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. अफवा फोनवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या घरांतल्या माणसांसाठी ती फार उशिरा आली.

अलीकडं चाळणी थोडी परत मिळू लागली आहे. फेसबुकनं 2022 मध्ये वेळेच्या क्रमानं पोस्ट दाखवणारा वेगळा टॅब दिला. ब्लूस्काय या सोशल मीडिया ॲपवर 2023 पासून कुणालाही स्वतःची फीड बनवता येते. ट्विटरची, म्हणजे आताच्या एक्सची, ‘लिस्ट’, म्हणजे निवडलेल्या माणसांच्याच पोस्ट दाखवणारी यादी, 2009 पासूनच आहे, तरी ती वापरणारे मला फार कमी भेटतात. वीस-पंचवीस जाणकार माणसं निवडून लिस्ट करावी आणि आधी तीच उघडावी. तिथं शोधताना किमान इतकी उत्तरं आलेल्याच पोस्ट दाखव, असंही सांगता येतं. पण नुसत्या आकड्यावर मी जात नाही. प्रश्न विचारणारा परत बोलायला आला का, हे पाहतो. भांडणात प्रत्येक जण आपलंच म्हणणं पुन्हा लिहितो. गप्पांमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘हां, हे मला आठवलं नव्हतं.’

त्या फोटोखाली मी कामगाराच्या कमेंटला उत्तर दिलं आणि रिंग खात्याविषयी आणखी विचारलं. तीन दिवसांनी भिवंडीहून कुणीतरी लिहिलं, “मी व्हतो की तिथं. तुमी खिडकीकडच्या लाइनीला का?” तो कामगार परत आला, म्हणाला, “व्हय, खिडकीकडंच.” मग दोघं मुकादमाविषयी बोलत राहिले, रात्री साडेअकरापर्यंत.