अबिसीनिया युद्धपदक

अबिसीनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेसाठी ब्रिटिश सरकारने १८६९ मध्ये जाहीर केलेले चांदीचे पदक. पात्रतेचा काळ ४ ऑक्टोबर १८६७ ते १९ एप्रिल १८६८. सम्राट तेवोद्रोस दुसरा याने ब्रिटिश वाणिज्यदूत व इतर युरोपीयांना कैदेत ठेवले, त्यांच्या सुटकेसाठी ही मोहीम निघाली. मुंबई फौजेचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर तिचे प्रमुख होते. सैन्य, खेचरे, दाणागोटा, अगदी ४४ हत्तीही समुद्रमार्गे तांबड्या समुद्राकाठच्या झुला बंदरावर उतरवले गेले. आज खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या तुकड्याही त्यात होत्या.

पदकाचा व्यास ३२ मिमी. दर्शनी बाजूस डोक्यावरून वस्त्र घेतलेली व्हिक्टोरिया राणी, भोवती नऊ टोकांचा तारा आणि टोकांमध्ये देशाच्या इंग्रजी नावाची नऊ अक्षरे. वर मुकुट व त्याला कडी. फीत पांढरी, मधोमध रुंद लाल पट्टा. या पदकाला लढाईच्या नावाची पट्टी नाही.

खरे वैशिष्ट्य मागच्या बाजूला आहे. इतर पदकांवर मानकऱ्याचे नाव कडेवर असते. इथे ते लॉरेलच्या पानांच्या वेढ्यात, मधोमध, उठावाच्या अक्षरांत जहाजाच्या किंवा पलटणीच्या नावासह येते. प्रत्येक नावासाठी वेगळी जुळणी करावी लागल्याने खर्च फार आला. अनेक भारतीय शिपायांच्या पदकांवर मात्र नाव उठावाचे नसून आत ठोकलेले आहे, म्हणून तेवढ्यावरून पदक बनावट ठरवू नये. पॉलिशने घासत राहिल्यास सर्वांत आधी हीच उठावाची अक्षरे झिजतात. मुकुटाचा जोडही कमकुवत असतो. तिथे डाक (धातूचे झाळकाम) दिल्याची खूण आहे का, ते भिंगातून पाहावे.

आरमारी मानकऱ्याबाबत एक घोटाळा नेहमी होतो. पदकावर ‘ऑक्टेव्हिया’ किंवा ‘ड्रायड’ हे जहाज दिसले की तो खलाशी सम्राटाच्या मगदाला या डोंगरी किल्ल्यापर्यंत गेला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बहुतेक खलाशी किनाऱ्यावरच राबत होते: माल उतरवणे, जहाजांच्या बाष्पयंत्रांवर समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी तयार करणे. त्या कोरड्या किनाऱ्यावर त्यांच्या पाण्याविना फौज चार दिवसही टिकली नसती. सुमारे ४०० मैल आत गेली ती कॅप्टन फेलोज यांची सुमारे ८० जणांची अग्निबाण तुकडी. निरनिराळ्या जहाजांवरून निवडलेले हे लोक बाण सोडण्याच्या १२ नळ्या खेचरांवर लादून डोंगर चढले. हेल पद्धतीच्या त्यांच्या बाणांना मागे काठी नसे. ते स्वतःभोवती फिरत सरळ जात. १० एप्रिल १८६८ रोजी मगदालाजवळच्या अरोगे येथे आणि १३ एप्रिलला मगदालावर ही तुकडी लढली.

एखादा खलाशी नेमका कुठे होता हे ठरवायचे तर लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आधी आरमाराच्या पदकयाद्या (दप्तर क्रमांक एडीएम १७१) पाहाव्यात, मग १८५३ ते १८७२ मधील दीर्घसेवा-करारांच्या वह्या (एडीएम १३९). त्यांत जन्मस्थळ, उंची, वर्ण नोंदवलेले असल्याने एकाच नावाचे दोन खलाशी वेगळे काढता येतात.