पार्श्वभूमी : पुतळ्यावर सही एकाचीच का?

अजिंठ्यातले शिलालेख दान देणाऱ्यांची नावे सांगतात, भिंती रंगवणाऱ्यांची नाहीत. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी तिथे मुक्कामाला राहून चित्रांच्या प्रतिकृती रंगवत होते. १८९६-९७ मध्ये त्यावर दोन खंडांचा भव्य ग्रंथ निघाला, पण नाव लागले ते देखरेख करणाऱ्या प्राचार्यांचे.

आज मराठवाड्यातल्या चौकांसाठी पुतळे घडतात तेव्हाही कामाची वाटणी फार वेगळी नसते. मुख्य शिल्पकार लहान नमुना करतो. त्यावरून मापे वाढवून लोखंडी सांगाडा उभा करायचा, माती चढवायची, प्लास्टरचा साचा काढायचा, मेणाची प्रत दुरुस्त करायची आणि ओतकाम झाल्यावर जोड घासून मिटवायचे, हे बहुतांशी मदतनीसांचे काम. शेल्याच्या चुण्या आणि घोड्याची आयाळ अनेकदा त्यांच्याच कोरणीतून उतरते. चेहऱ्यावर शेवटचा हात तेवढा मुख्य शिल्पकाराचा.

अशा मदतनीसांनाही कर्ते मानायचे का, या वादात हल्ली पॅरिसच्या न्यायालयाचा २०२२ चा निकाल हमखास पुढे केला जातो. एका इटालियन कलावंताच्या गाजलेल्या शिल्पांतले मेणाचे पुतळे एका फ्रेंच शिल्पकाराने घडवले होते. त्यांत उल्का पडून कोसळलेले पोप होते आणि गुडघे टेकून बसलेला हिटलरही. आपणच खरे कर्ते आहोत असे म्हणत तो न्यायालयात गेला आणि हरला. 'कल्पना ज्याची, कलाकृती त्याची' यावर शिक्कामोर्तब झाले, असा बोलबाला त्यानंतर झाला. तो निम्माच खरा आहे. मांडणीच्या नेमक्या सूचना त्या कलावंताच्याच होत्या, हे न्यायालयाने नोंदवले खरे. पण दावा फेटाळला गेला तो मुख्यतः फ्रेंच शिल्पकाराने गॅलरी आणि संग्रहालयावर खटला भरला, खुद्द कलावंताला प्रतिवादी केलेच नाही म्हणून. २०२४ मध्ये अपिलातही तो हरला. मात्र त्याच देशात १९७३ मध्ये सर्वोच्च पातळीवर उलट निर्णय झाला होता. संधिवाताने हात आखडलेल्या एका थोर चित्रकारासाठी शिल्पे घडवणाऱ्या तरुणाला सहकर्ता मानले गेले. सूचना तिथेही होत्याच, तरी घडवताना त्या तरुणाने स्वतःची निवड केली होती. मदतनिसाच्या हाताचा प्रश्न न्यायालयाने थेट हाताळला तो या खटल्यात, म्हणून खरा दाखला हाच धरायला हवा.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा ठरतो. कलम ५७ मात्र कर्त्याचा नावावरचा हक्क मालकीपासून वेगळा राखते. अडचण पुढे येते. कला महाविद्यालयातून निघालेली परभणी, हिंगोली, बीडकडची मुले पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत लागतात ती बहुधा तोंडी बोलीवर, रोजंदारीने. कर्ता कोण हे ठरवायला लागणारा कागदच तिथे तयार होत नाही. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला सरकारी मान्यता घ्यावी लागते, त्याच अर्जात काम करणाऱ्या सगळ्यांची नावे आणि कामे लिहून घेता येतील.