सातवीण : नावात शाळा, सावलीत भूत

फोंड्याजवळच्या सॉ मिलमध्ये मेस्ताने सहा फुटी फळी एका हाताने उचलून दिली, तेव्हा घ्यायला मी उगाच दोन्ही हात पुढे केले होते. सातवीण! सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरते, ही चारशेच्या. तरी शास्त्र हिला कठीण लाकडांतच धरते. ती वर्गवारी झाड रुंद पानांचे की सुचीपर्णी यावरून होते, वजनावरून नव्हे.

शास्त्रीय नाव ॲल्स्टोनिया स्कोलारिस. ॲल्स्टन हे एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पण खरी गंमत 'स्कोलारिस'मध्ये आहे. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रम्फियस या वनस्पती-अभ्यासकाने या झाडाची नोंद 'लिग्नम स्कोलारे', म्हणजे शाळेचे लाकूड, अशी केली. मुलांच्या लिहायच्या पाट्या याच्या होत. (१६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी काम थांबले नाही. ग्रंथ छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून पुढे.) १७६७ मध्ये लिनियसने शाळेचा तो धागा नावात कायम ठेवला.

आपल्या किनाऱ्यावर ती 'पाला' या मलयाळी नावाने 'होर्तुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात भेटते. त्या ग्रंथाला मदत करणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे कोकणी वैद्य. त्यांचे पूर्वज गोव्यातून गेलेले. ग्रंथातल्या माहितीची ग्वाही देणारे १६७५ चे त्यांचे प्रमाणपत्र त्यात नागरीत छापलेले आहे.

लाकूड पांढुरके, सरळ रेषांचे. चटकन वाळते आणि वाळताना फारसे वाकत नाही. खोड्या दोन. ओले असताना रेंगाळले, त्यातही आपल्या पावसाळ्यात, की निळे डाग धरतात. म्हणून पाडल्या पाडल्या चिरावे लागते. दुसरी खोडी चिकाची : त्याच्या नळ्यांच्या बारीक फटी रंधा मारल्यावर फळीवर उघड्या पडतात. कीडही लागते. त्यामुळे दारे-खिडक्या हिच्या कुणी करत नाही. चहाची खोकी, आगकाड्या, पेन्सिली, प्लायवूडचा गाभा, श्रीलंकेत शवपेट्या, अशीच तिची कामे.

आणि शाळेच्या या झाडाला इंग्रजीत नाव पडले सैतानाचे! गावात तिन्हीसांजेला हिच्या सावलीत थांबू देत नाहीत. दिवाळीच्या सुमारास रात्री सुटणारा तो जड वास नाकात गेला की यात नवल वाटत नाही.

पण याच झाडाची साल आमच्या घरी नरकचतुर्दशीला, अंगणात कारीट फोडून झाले की, वाटून रस म्हणून पुढे येते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, तुळूनाडूत, हाच कडू रस आषाढी अमावास्येला पितात. लहानपणी मी नाक दाबून प्यायचो. वाड्यावरच्या झाडाला छातीइतक्या उंचीपर्यंत साल काढल्याचे जुने वण आहेत. कुऱ्हाडीचा मात्र एकही नाही.