बिस्बीला मुक्काम करताय? आधी पायऱ्या किती ते विचारा

मुलगा-सून अमेरिकेत ॲरिझोनात आहेत, तिकडे गेलो की बिस्बी पण बघून येऊ, अशी चौकशी आमच्या जळगावच्या ऑफिसात आता बऱ्याचदा येते आणि प्रश्न ठरलेला, "नेटवर एवढं छान घर दिसतंय, हॉटेलपेक्षा स्वस्त आहे, तुम्ही ते का बुक करून देत नाही?"

त्याचं कारण पायऱ्या. बिस्बी हे १८८० साली तांब्याच्या खाणीमुळे वसलेलं गाव, अरुंद दरीतलं. सपाट जागा नव्हतीच, मग कामगारांनी डोंगराच्या अंगाला जमेल तिथे घरं बांधली आणि कितीतरी घरांपर्यंत आजही गाडी जात नाही, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या. १९७५ ला खाणकाम थांबलं, लोक गाव सोडून गेले, घरं पडत्या भावात मिळायला लागली आणि चित्रकार, कारागीर, गाणारे-वाजवणारे तिथे येऊन राहिले. तुम्हाला फोटोत आवडलेलं रंगीत घर ते हेच. तिथे ऑक्टोबरात पायऱ्या चढायची स्पर्धा असते, हजाराच्या वर पायऱ्या, यावरून अंदाज घ्या.

मागे आमच्या एका काका-काकूंनी असंच घर स्वतः बुक केलं. मॅपवर पत्ता बरोबर, गाडी बरोबर थांबली, घर मात्र डोक्यावर. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, काकूंचं गुडघ्याचं दुखणं, आणि चावीची पेटी वरच्या दारावर. तिथे दुपारचे तीन म्हणजे इथे पहाटेचे साडेतीन, फोन आला तो मलाच. दुसरी खोली बघून दिली पण पहिल्याचे पैसे परत मिळाले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. वणीचा गड चढणारी माणसं आहोत आपण, पण गडावर कोणी सुटकेस घेऊन जात नाही ना.

म्हणून आम्ही घरमालकाला आधी तीन गोष्टी विचारतो, पायऱ्या किती, कठडा आहे का, गाडी कुठे लावायची. उत्तर यायला दोन दिवस लागतात, त्याला उशीर म्हणू नका. पायऱ्या नको असतील तर खाली रस्त्यालगतच्या जुन्या हॉटेलात खोली बघतो, थोडी महाग पडते पण गॅलऱ्या, दुकानं पायी फिरता येतात. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर ज्यांनी मन लावून बघितलंय त्यांना हे गाव नक्की आवडेल, एका दुपारीत उरकू नका. टूसॉन शहराहून साधारण दीडशे किलोमीटर आहे, एक रात्र तरी राहा.

क्वीन माइन या तांब्याच्या जुन्या खाणीची टूर चुकवू नका, हेल्मेट-दिवा देतात आणि छोट्या रेल्वेत बसवून आत नेतात. आत बारा महिने आठ डिग्रीच्या आसपास असतं, बाहेर उन्हाळा असला तरी स्वेटर हातात ठेवा. मेक्सिकोची बॉर्डर जवळ आहे, परतीच्या रस्त्यावर तपासणी नाका लागू शकतो, ओरिजिनल पासपोर्ट मुलाच्या घरी ठेवून जाऊ नका.

घर आवडलं असेल तर लिंक व्हॉट्सॲपवर टाका, पैसे भरायच्या आधी. नुसतं विचारून देण्याचे आम्ही काही घेत नाही.