आरशातली चांदणी आणि मिलनरबाई

परवा टीव्हीवर परत तोच सीन लागला होता. हिरोच्या डोक्याला मार लागतो, डोळे उघडल्यावर आईलाच विचारतो "आपण कोण?", आणि शेवटी अजून एक दणका बसला की सगळं लख्ख आठवतं. लहानपणापासून हे बघून आपल्याला वाटतं स्मृती जाणं म्हणजे हेच. खरं तर मेंदूला इजा होऊन स्मृती जाते तेव्हा बहुतेक वेळा उलटं होतं, आईचं नाव, शाळा, जुनं घर सगळं शाबूत, पण नवीन काही टिकतच नाही. हे आपल्याला नीट कळलं त्यात सर्वात मोठा वाटा ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा, आणि त्यांची मुख्य हत्यारं होती कागद आणि पेन्सिल.

जन्म 1918 चा, मँचेस्टरचा. केंब्रिजला गेल्या गणित शिकायला, तिथं मानसशास्त्राकडे वळल्या. 1944 मध्ये नवऱ्याबरोबर कॅनडात आल्या, मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंचमधून शिकवलं, मग मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्याकडे पीएचडी. हेब यांनीच त्यांना पेनफील्ड या न्यूरोसर्जनकडे पाठवलं. पेनफील्ड फिट येणाऱ्या पेशंटच्या मेंदूचा बिघडलेला भाग काढायचे आणि मिलनरबाई ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटची परीक्षा घ्यायच्या.

यातल्या दोन पेशंटचं विचित्र झालं. ऑपरेशन फक्त डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला असलेल्या टेम्पोरल लोबवर, तरी नवीन काही लक्षात राहीना. बाकीच्यांना असं झालं नव्हतं. मिलनर आणि पेनफील्ड यांनी तर्क केला की या दोघांचा उजवा हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबच्या आत खोलवर असलेला भाग, दोन्ही बाजूंना एकेक) आधीपासूनच खराब असणार, म्हणजे डावा काढल्यावर काहीच उरलं नाही. पुरावा मात्र नव्हता, जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायला तेव्हा स्कॅन कुठे होते.

1955 मध्ये हे त्यांनी मांडलं, आणि अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या स्कोव्हिल नावाच्या सर्जननं ते वाचून कळवलं की माझ्याकडेही असा एक जण आहे. तो हेन्री मोलेसन. 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, फिट थांबाव्यात म्हणून त्याचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला होता. मिलनरबाई रात्रीच्या ट्रेननं त्याला भेटायला जायच्या आणि कितीही वेळा गेल्या तरी हेन्रीसाठी ती पहिलीच भेट. बुद्धी मात्र उत्तम, आयक्यू 112.

एकदा बाईंनी त्याला 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनीही त्यानं बरोब्बर सांगितला! कसं? तर तो सतत मनात घोळवत होता, 5, 8, 4 ची बेरीज 17, त्यातून 8 गेले की 9, नऊचे दोन तुकडे 5 आणि 4, झालं. लक्ष दुसरीकडे वळलं आणि आकडा तर गेलाच, आपल्याला आकडा दिला होता हेही गेलं.

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग. कागदावर दुहेरी रेषांची पाच टोकांची चांदणी, दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात फळीनं झाकलेला, दिसतं ते फक्त समोरच्या आरशात. मी घरी बुटाचं खोकं आणि कपाटाचा आरसा घेऊन करून बघितलं. आडवी रेष सहज जमते, कारण डावं-उजवं तेच राहतं, पुढे-मागे मात्र उलटं होतं, त्यामुळे तिरक्या बाजूवर आलं की पेन्सिल जागच्या जागी थरथरते, हात हलतच नाही. हेन्रीनं हे तीन दिवस, रोज दहा वेळा केलं. चुका कमी होत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापासून सुरू न होता आदल्या दिवशी जिथं थांबला तिथूनच पुढे गेला. तिसऱ्या दिवशी जवळजवळ चूकच नाही. आणि हे आपण आधी कधी केलंय याचा त्याला पत्ता नाही! इतकं सोपं कसं गेलं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

म्हणजे स्मृतीचं एकच कपाट नाही. प्रसंग लक्षात राहतो तेव्हा दृश्य, आवाज, वास हे कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, वेगवेगळ्या भागांत असतात, हिप्पोकॅम्पस त्यांची मोट बांधतो, आणि पुढे महिने-वर्षं जाता जाता कॉर्टेक्समधल्या जोडण्या आपापसात पक्क्या होतात, म्हणून हेन्रीचं बालपण वाचलं पण ऑपरेशनच्या आधीच्या काळातलं बरंच गेलं. हाताचं शिकणं वेगळं, तिथं सेरिबेलम (डोक्याच्या मागे खाली असलेला छोटा मेंदू) अपेक्षित हालचाल आणि झालेली हालचाल यांतला फरक मोजून पुढची आज्ञा सुधारतो, बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजके) सवय घट्ट करतात, त्याला हिप्पोकॅम्पसची गरज लागत नाही.

मेंदूबद्दल खरं काय ते असं चिकाटीनं शोधावं लागतं, आणि आपल्याकडे मात्र मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे, म्हणजे मेंदूचा मधला भाग 'जागा' करून देण्याचे, क्लास निघाले, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. मुलं पट्टीच्या फटीतून, नाकाच्या कडेनं बघतात. अंनिसनं याला विरोध केला ते योग्यच केलं. मिडब्रेन प्रत्येक जागत्या माणसात चालूच असतो, तो बंद असता तर मूल क्लासला चालत आलंच नसतं. कृपा करून यात पैसे घालू नका.

मिलनरबाईंना 2014 मध्ये कावली हा विज्ञानातला मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या 96 च्या घरात होत्या. आणि त्या पहिल्या दोघांचं काय? त्यातला एक जण काही वर्षांनी वेगळ्याच कारणानं वारला. शवविच्छेदनात त्याचा मेंदू तपासला, तर ऑपरेशनमध्ये हातही न लावलेला उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसून गेलेला निघाला.