जैसलमेरचा लाँग वीकेंड : विमानाचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

२५ डिसेंबर शुक्रवारी आला किंवा २६ जानेवारी सोमवारी आली, की महिनाभर आधीपासून आमच्याकडे एकच फोन येतो : "जोधपूरचं विमान स्वस्तात मिळालंय, तिकिटं काढून टाकली. आता त्याच रात्रीचा सम गावचा तंबू बघून द्या." प्रत्येकाला फोनवर समजावताना अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर तिकिटाचे पैसे अडकलेले असतात. म्हणून हे पत्रक.

जोधपूर ते जैसलमेर रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर आहे. रस्ता चांगला आहे, पोखरणवरून जातो, तरी चहा-जेवण धरून साडेपाच तास लागतातच. आणि जैसलमेर गावात वाळूच्या टेकड्या नाहीत. गाव खडकाळ माळावर आहे. फोटोत दिसते ती वाळू समला आहे, गावापासून आणखी चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला. तिथे पोहोचायला पाऊण ते एक तास.

आता हिशेब बघा. विमान दुपारी दीडला उतरलं. सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत दोन. जैसलमेर साडेसात, सम साडेआठ. डिसेंबरात तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सूर्यास्त गेला, उंटाची फेरी गेली, लोकगीतांचा कार्यक्रम अर्धा उरकलेला. मुलं गाडीतच झोपलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास तंबू सोडायचा असतो. ज्या वाळूसाठी एवढा खर्च केला, ती नाश्त्यानंतर घाईघाईत बघायची आणि परतीचा रस्ता धरायचा. भाडं मात्र पूर्ण रात्रीचं भरलेलं असतं. तंबूच्या पॅकेजमध्ये उंटफेरी आणि संध्याकाळचा कार्यक्रम धरलेलाच असतो. तुम्ही उशिरा पोहोचलात म्हणून तो भाग वजा होत नाही.

यावर आमचा नियम साधा आहे. समचा तंबू पहिल्या रात्री आम्ही देत नाही, दुसऱ्या रात्री देतो, आणि समला दुपारी चारच्या आत पोहोचवतो. काही ग्राहकांना हा आमचा हट्ट वाटतो. "बाकीचे देतात, तुम्ही का नाही?" असं विचारतात. देणं सोपं आहे, बुकिंग पाच मिनिटांत होतं. पण आठ तास प्रवास करून आलेल्या आजी-आजोबांना अंधारात वाळूतून तंबूपर्यंत चालवत न्यायचं, हे आम्हाला पटत नाही. त्या सहलीवरून परतलेलं कुटुंब "राजस्थानात काही नाही हो" असं सांगत फिरतं, आणि ते राजस्थानवर अन्याय करणारं आहे.

मग तीन-चार दिवसांत जमवायचं कसं?

शुक्रवारची सुट्टी धरून सांगतो. वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला रोज सूर्यनगरी एक्सप्रेस आहे. गुरुवारी दुपारी बसलात की शुक्रवारी सकाळी जोधपूर. नाश्ता करून निघा, दुपारी उशिरा जेवायला जैसलमेरात. संध्याकाळी गडीसर तलाव, मग आराम. शनिवारी सकाळी किल्ला. जेवून समकडे निघा, वाटेत कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव बघा. चार वाजता तंबूत. रविवारी सूर्योदय बघा. हिवाळ्यात तो साडेसातच्या आसपास होतो, त्यामुळे पहाटे चारला उठायची गरज नाही. नाश्ता करून नऊला निघालात की दुपारी साडेतीन-चारपर्यंत जोधपूर. परतीचं विमान संध्याकाळचं हवं, दुपारचं घेऊच नका. परतीला रेल्वे घेणार असाल तर सोमवारचीही रजा टाका. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं आणि जोडसुट्टीच्या तारखा पटकन संपतात. तारीख आधी कळवलीत तर आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आम्ही तिकिटाला बसतो.

जैसलमेरलाही विमानतळ आहे. पण तो हवाई दलाच्या तळावर आहे, नागरी विमानं मोजकी आणि मुख्यतः हिवाळ्यात असतात, वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. त्या आठवड्यात विमान मिळालं तर उत्तमच. आम्ही आधी तेच तपासतो. आमचा क्रम ठरलेला आहे : आधी जाण्या-येण्याची तिकिटं, मग गाडी, सगळ्यात शेवटी तंबू. लाँग वीकेंडलाही समला तंबू कुठे ना कुठे मिळतो, पण सोयीच्या वेळेचं परतीचं तिकीट मिळत नाही.

एकूण दिवस तीनच असतील आणि दोन्हीकडून विमान असेल, तर आम्ही जैसलमेर विकतच नाही. ओसियां घ्या. जोधपूरपासून साधारण ६५ किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. तिथेही वाळूच्या टेकड्या आहेत, तंबू आहेत, उंट आहेत, शिवाय आठव्या शतकापासूनची मंदिरं आहेत. सच्चियाय मातेचं आणि महावीरांचं जैन मंदिर आवर्जून बघावं असं आहे. टेकड्यांचा पसारा समएवढा नाही, हे आधीच सांगतो. पण वाचलेल्या वेळात मेहरानगड नीट बघून होतो. राव जोधांनी १४५९ साली पायाभरणी केलेल्या या किल्ल्याला अडीच-तीन तास द्यावेच लागतात. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना आम्ही हीच सहल सुचवतो. तिच्यात आमचं उत्पन्न कमी आहे.

जैसलमेरचा किल्ला मात्र "तासाभरात उरकू" म्हणू नका. रावल जैसल यांनी ११५६ साली वसवलेला हा किल्ला २०१३ पासून राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत आहे, आणि आजही आत माणसं राहतात. रायगड-राजगड चढणाऱ्या आपल्या लोकांना याचंच सगळ्यात नवल वाटतं : बुरुजाच्या आत शाळेला निघालेली मुलं, वाळत घातलेले कपडे, किराणा दुकान. आतली जैन मंदिरं सकाळीच बघा, दुपारी ती पर्यटकांना बंद असतात. पिवळ्या दगडावरचं कोरीवकाम बघायला गाइड घ्या. पटवांच्या पाच हवेल्यांसाठी वेगळा तास काढा.

"त्याच दिवशी लोंगेवालाची युद्धभूमी आणि तनोट मातेचं मंदिर करून येऊ ना?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही. दोन्ही ठिकाणं जैसलमेरपासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहेत, अख्खा दिवस जातो. डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटच्या २३व्या बटालियनच्या जवानांनी रात्रभर लोंगेवालाची जी चौकी धरून ठेवली, ती जागा पाच मिनिटांत फोटो काढून सोडण्याची नाही. त्यासाठी एक रात्र वाढवा. घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल, जावई अमेरिकेहून आले असतील, तर बुकिंगच्या वेळीच सांगा. सीमेकडच्या त्या भागासाठी त्यांना आधी परवानगी काढावी लागते. आपणा सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ हवीत, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.

समला सुट्टीच्या रात्री मोठ्या आवाजात गाणी लागतात. ते आवडणारे असतात, त्यांनी समच घ्यावं. शांतता हवी असेल, मांगणियार गायकांचं गाणं मायक्रोफोनशिवाय ऐकायचं असेल, तर खुडी गाव घ्या. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, अंतर जवळपास तेवढंच, तंबू कमी आणि साधे. आम्हाला स्वतःला खुडी जास्त आवडतं, पण अटॅच्ड बाथरूमचा आग्रह असेल तर समला पर्याय जास्त आहेत. गरम पाणी दोन्हीकडे बहुधा ठरावीक वेळीच येतं. आणि पौर्णिमेचा हट्ट धरू नका. तारे बघायचे असतील तर अमावस्येच्या आसपासची तारीख चांगली.

उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. त्या क्षणी मागे रेला, खोगिराची मूठ घट्ट धरा. उंट बसतानाही तसंच. ज्यांचे गुडघे-कंबर दुखतात त्यांनी उंटगाडी घ्यावी, ती समला मिळते, आम्ही आधी सांगून ठेवतो. दिवसा ऊन आणि रात्री पारा दहाच्या खाली, म्हणून स्वेटर, कानटोपी, मोजे घ्याच. जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारी मिळतं : दाल-बाटी, गट्ट्यांची भाजी, केर-सांगरी. सांगरी म्हणजे आपल्या शमीच्या शेंगा. तिखट कमी हवं असेल तर आदल्या दिवशी कळवा. एप्रिल ते ऑगस्टमध्ये आम्ही ही सहल करत नाही, पारा ४५ च्या घरात जातो.

फोन करताना एवढं तयार ठेवा : निघण्याचा सगळ्यात लवकरचा वार आणि वेळ, कामावर परत कधी हजर व्हायचंय, साठीच्या वरचे आणि पाच वर्षांच्या आतले किती जण, आणि तिकिटं काढली आहेत का. काढली नसतील तर फारच छान. त्याच दिवशी दोन पर्याय खर्चासह लिहून पाठवतो.