राजपुत्र, कारकून आणि मिर्झा

पुरंदरचा तह म्हटला की मिर्झाराजे जयसिंग आलेच. १६६५ साली शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले घेणारा हा माणूस आंबेरचा कछवाहा राजपूत. लहानपणी 'मिर्झाराजे' आपण एका दमात म्हणतो, जणू ते त्यांचं नावच. प्रत्यक्षात तो मुघल दरबाराचा किताब, आणि त्यातला 'मिर्झा' हा फारसी शब्द आधीच बरीच पायपीट करून इथवर पोचलेला.

त्याचं मूळ रूप 'अमीरज़ादा'. अमीर अरबी, 'अम्र' म्हणजे हुकूम, तो देणारा अमीर. (मराठीने त्याला नुसताच पैसेवाला करून टाकलं. 'अमीर-उमराव' या जोडीतला उमराव तर अमीरचंच अनेकवचन आहे.) 'ज़ादा' मात्र फारसी: जन्मलेला. हा आपल्या 'जात'चा, म्हणजे संस्कृत 'जन्' धातूच्या घराण्यातला चुलतभाऊ. संस्कृतात जिथे ज, तिथे फारसीत अनेकदा ज़ सापडतो. गुडघ्याला संस्कृतात जानु, फारसीत ज़ानू. पुढे बोलता बोलता अमीरज़ादाचा सुरुवातीचा 'अ' गळाला, शेवटचा 'दा' गिळला गेला आणि उरला मिर्झा.

तैमूरच्या वंशात हा किताब राजपुत्रांचा होता. बाबर आत्मचरित्रात सांगतो, की तोवर तैमूरच्या वंशजांना, ते गादीवर असले तरी, मिर्झाच म्हणत. काबूलमध्ये असताना त्याने स्वतःला पादशाह म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्याचे मुलगे मात्र कामरान मिर्झा, अस्करी मिर्झा.

खरी गंमत इराणात झाली. काजार राजवटीत मिर्झा नावाच्या शेवटी लागला की राजपुत्र आणि सुरुवातीला लागला की लिहिता-वाचता येणारा माणूस: मुनशी, कारकून, दफ्तरदार. रशियाशी लढलेला युवराज तो अब्बास मिर्झा. आणि १८४८ साली वजीर झालेला, दार-उल-फुनून ही आधुनिक शाळा काढणारा अमीर कबीर, त्याचं नाव मिर्झा तकी खान. तो एका आचाऱ्याचा मुलगा होता. तोच शब्द, फक्त जागा बदलली, की माणूस राजवाड्यातून कचेरीत.

किताब असेच स्वस्त होतात. आधी तो मोजक्यांना मिळतो, मग आदर म्हणून आसपासच्यांना लावला जातो, आणि सगळेच लावू लागले की त्यातला मान संपून नुसतं नाव राहतं. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. संस्कृत 'राजा' प्राकृतातून घासत येऊन 'राव' झाला, बाजीराव-माधवरावांच्या नावात बसला, आणि आता कट्ट्यावर 'काय राव, चहा पाज की!' एवढ्यावर आलाय.

मिर्झा पसरला तोही असाच, वेगवेगळ्या वेशांत. तातारांमध्ये त्याचा 'मुर्झा' झाला. त्यातली काही घराणी झारच्या चाकरीत शिरून रशियन सरदार बनली. अझरबैजानात त्याला रशियन शेपूट लागून मिर्झायेव झालं. आर्मेनियात मिर्झोयान हे चक्क ख्रिस्ती आडनाव आहे. बोस्नियात तर ते मुलाचं पाळण्यातलं नाव. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाच्या सुवर्णविजेत्या बास्केटबॉल संघात मिर्झा देलिबाशिच होता. पंजाबी लोककथेत साहिबाँचा प्रियकरही मिर्झाच. भारत-पाकिस्तानात ते आडनाव म्हणून रुजलं आणि मुलींनाही मिळालं. मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा हे ठळक उदाहरण. एरवी दरबारी रिवाजात बायकांच्या नावामागे 'बेगम' यायचं, मिर्झा नाही. व्याकरणाची मात्र हरकत नसावी, कारण फारसीत लिंगभेदच नाही. 'ज़ादा' मुलगा की मुलगी हे शब्द सांगत नाही.

या साऱ्याचा कळस म्हणजे गालिब. पूर्ण नाव मिर्झा असदुल्ला बेग खान. यात मिर्झा फारसी किताब, बेग तुर्की किताब, खान मध्य आशियातल्या तुर्क-मंगोलांचा किताब. गालिब तर त्यांनी स्वतः घेतलेलं टोपणनाव. आईबापांनी ठेवलेलं म्हणावं असं या गर्दीत एकटं असदुल्ला.

इराणने १९२५ साली कायद्याने आडनाव सक्तीचं केलं आणि जुन्या किताबांना सुट्टी दिली. पण लोकांना आडनाव तर हवंच होतं. आज तिथे कितीतरी जण मिर्झाई आहेत.